माडगं फद फद वाजतं की पुट पुट

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आमच्या घरातल्या तिघांनाही इंटरनेटचं वेड लागलं, आणि तिघांपैकी दोघांनी तोवर कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता. ते दोघे म्हणजे आई आणि दादा. वडलांना मी दादा म्हणायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सोनईहून रोज एसटीनं नगरला कॉलेजला जायचे आणि दुपारी एका कॉम्प्युटर क्लासला. क्लास एका कापड दुकानाच्या माडीवर होता. चपला जिन्यातच काढायच्या, कारण कॉम्प्युटरला धूळ सोसत नाही असं सरांचं म्हणणं. त्या जानेवारीत सरांनी इंटरनेट घेतलं. फोन लावताना त्या यंत्रातून दोन मांजरं पत्र्यावर भांडावीत तसा आवाज यायचा आणि आम्ही सगळ्या मुली एकमेकींचे हात धरून तो ऐकायचो. आवाज थांबला की सर म्हणायचे, "लागलं!" आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

सरांनी प्रत्येकीला ईमेलचा पत्ता काढून दिला. आता पत्ता मिळाला, पण पत्र लिहायचं कुणाला? ओळखीच्यांपैकी कुणाकडेच ईमेल नव्हता. शेजारी बसून एकमेकींना 'कशी आहेस' असं लिहून पाठवायचं आणि मान वळवून 'बरी आहे' म्हणायचं, एवढाच उपयोग. मग सरांनीच एक गट शोधून दिला. देशोदेशी राहणारी मराठी माणसं त्यात स्वयंपाकावर बोलायची. एका पत्त्यावर पत्र टाकलं की ते गटातल्या सगळ्यांना जायचं. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. पहिल्या दिवशी मी वाचली ती सगळी रडगाणी होती. कुणाची पुरणपोळी फुटत होती, कुणाच्या दुधाला विरजण लागत नव्हतं. एवढी शिकलेली माणसं आणि दह्यासाठी रडतायत, याचा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

त्यातच एका माणसाचा प्रश्न होता. तो कॅनडात राहत होता. त्यानं लिहिलं होतं, "माझी आजी थंडीत हुलग्याचं माडगं करायची. दाट आणि गरम, पेल्यानं प्यायचं. मी पाच वर्षांचा असताना ती गेली. मला ते कसं करायचं कुणी सांगेल का? इथं कमरेएवढा बर्फ आहे." खाली दहा-बारा उत्तरं होती आणि सगळ्यांचा मथितार्थ एकच, की माहीत नाही.

मला तर हसूच आलं. हुलगे म्हणजे कुळीथ, आणि आमच्याकडे थंडीत चहाइतकंच त्याचं माडगं व्हायचं. मी तो प्रश्न छापून घेतला. दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांबच लांब कागद घडी करून वहीत घातला आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी आले.

आई भाकरी थापत होती. मी वाचून दाखवलं. तिचे हात थांबले.

"बर्फात ऱ्हातो आन् माडगं येत न्हाई? मंग तिकडं पितो काय?"

"कॉफी पीत असतील."

"कॉफीनं काय हुतंय! लिही. आदी हुलगे भाजायचे खमंग. मंग दळायचे. मंग मूठभर पीठ घ्यायचं..."

"मूठ कुणाची?" दादा कोपऱ्यातून म्हणाले.

"मूठ ती मूठ."

"तो पुरुष माणूस आहे. त्याची मूठ मोठी असणार."

"मंग जास्त पिईल! तुमाला काय करायचंय?"

पण दादांना करायचं होतं. दादा गावातल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. पंधरा वर्षं पुड्या बांधून आणि बाटल्या भरून त्यांचा 'मूठभर' आणि 'चिमूटभर' या शब्दांवरचा विश्वास पार उडाला होता. रविवारी दवाखाना बंद. दादा डॉक्टरांना विचारून औषधं तोलायचा छोटा तराजू लाकडी पेटीसकट घरी घेऊन आले. पितळेची दोन पारडी, चिमट्यानं उचलायची वजनं. आईनं परातीत पीठ घेतलं आणि आम्ही तिघं त्या तराजूभोवती असे बसलो की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सोनं तोलतायत.

आईची पहिली मूठ एक्केचाळीस ग्रॅम भरली, दुसरी त्रेपन्न, तिसरी छत्तीस.

"बघ," दादा म्हणाले. "एका बाईच्या तीन मुठी आणि तीन वजनं. माणूस मरेल अशानं."

"पयली माझी हुती, दुसरी तुमची, तिसरी पोरीची. ज्याची त्याची भूक येगळी," आई म्हणाली. "मी पितंय कोन ते बघून मूठ भरते. त्याला म्हनावं, तुझी भूक किती ते आदी कळव."

दादांनी मुकाट्यानं तिन्हींची सरासरी काढली. तराजू धुऊन-पुसून पेटीत गेला खरा, पण पेटीच्या आतल्या मखमलीला भाजल्या हुलग्याचा वास लागला तो लागलाच. सोमवारी डॉक्टरांनी पेटी उघडली आणि दोनदा शिंकले. "कंपाउंडर, हा कसला वास?" दादा म्हणाले, "साहेब, ताकदीचा."

मी कृती टाइप केली. पीठ पाण्यात कालवायचं, गुठळी ठेवायची नाही. गुळाचं पाणी उकळायला ठेवायचं, त्यात सुंठ. मग कालवलेलं पीठ धारेनं सोडायचं आणि हात थांबवायचा नाही. वर तूप. एवढंच. पण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची सवय नव्हती. माझं बोट चुकलं आणि 'हुलगे'चं 'हलगी' झालं. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियातल्या एका बाईनं अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "हलगी म्हणजे ते वाजवायचं वाद्य ना? ते भाजून दळायचं?" मी क्लासमध्ये एवढ्या मोठ्यानं हसले की सरांनी मला जिन्यात पाठवलं.

नाव लिहायची मला भीती वाटायची, म्हणून पत्राखाली मी फक्त 'सोनईकर' असं लिहायचे. गटानं त्यावरून मनानंच ठरवून टाकलं की सोनईकर ही कुणी वयस्क बाई असणार. आठवड्याभरात उत्तरं यायला लागली ती 'सोनईकर आजी' अशा नावानं. मी आईला सांगितलं. आई तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती.

"आजी?" तिनं पदर खोचला. "माझा एक दात हाललेला न्हाई आजून! त्यांना लिही तसं."

मी काही लिहिलं नाही. मला ते फारच आवडलं होतं.

कॅनडातल्या माणसाचं पत्र मात्र दुःखी होतं. "आजी, तुम्ही सांगितलं तसं केलं. गुठळ्या झाल्या. रंग फिका आला. चव कशाचीच नाही."

आईनं ते फार मनाला लावून घेतलं. दिवसभर ती स्वतःशी बोलत होती. "ढवळलं नसंल नीट. का न्हाई, भाजलंच नसंल." दादा म्हणाले, "असं नाही चालत. आधी लक्षणं विचारावी लागतात." मग दोघांनी मिळून प्रश्नांची यादी केली. पीठ भाजल्यावर वास सुटला का? पळी कशाची आहे? पातेलं जाड आहे का पातळ? आणि शेवटी आईनं विचारलं, "त्याला इच्यार, उकळताना आवाज कसा येतो? फद फद का पुट पुट?"

"कसा यायला पाहिजे?"

"पुट पुट. फद फद आला म्हंजी घट झालं. आवाजच आला न्हाई म्हंजी पातळ."

मी तसंच इंग्रजी अक्षरांत लिहिलं. फद फद. पुट पुट. पाठवलं आणि घरी आले. मला काय ठाऊक की मी काडी लावली आहे!

पुढच्या वेळी फोन लागला तेव्हा गटात पत्रांचा ढीग पडला होता. मूळचे सोलापूरचे एक गृहस्थ म्हणत होते की चांगल्या माडग्याचा आवाज 'खद खद' असाच असतो. साताऱ्याकडची एक बाई म्हणत होती, खद खद आमटी करते, माडगं 'बद बद' करतं. लंडनमधल्या कुणी तरी लिहिलं होतं की त्यांच्या आईच्या मते आवाज आला म्हणजेच चूल जास्त पेटली. ज्यांना महिन्याभरापूर्वी माडगं म्हणजे काय हे सांगता येत नव्हतं ती माणसं आता त्याच्या आवाजावरून हातघाईवर आली होती. मी ती सगळी पत्रं छापून घरी नेली आणि जेवताना एकेक वाचली. आई 'खद खद'वर हसून लोळली. "खद खद? म्हंजी ह्यो चिखल शिजवतो का?" दादांचा घास घशात अडकला. आम्ही तिघं इतके हसलो की विहारात वंदनेला निघालेल्या दोन बाया दारात थांबून आत डोकावल्या, काय झालं म्हणून.

आमचं घर बुद्धविहाराला लागूनच होतं. आईच्या हाताला चव आहे हे आमच्या वस्तीतल्या पोराटोरांनाही माहीत होतं. लग्न असो, बारसं असो, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन असो, आमटीला फोडणी आईचीच. पण रस्त्यापलीकडच्या गावाला ते कळायचं काही कारण नव्हतं. माणसं चांगली होती, बोलायची-चालायची. दादांच्या हातची औषधाची पुडी बिनबोभाट घ्यायची. मात्र पाणी मागायची वेळ आली की त्यांना तहान नसायची. आई यावर कधी बोलत नसे. फक्त एकदा, कुणा न्यू जर्सीवाल्या बाईनं आईच्या कृतीनं केलेली हुलग्याच्या पिठाची शेंगोळी आपल्या सासूला आवडल्याचं कळवलं होतं, तेव्हा ती कागद हातात धरून बसली. तिला वाचता येत होतं, पण हळू. वाचून झाल्यावर म्हणाली, "सासूनं खाल्ली? आडनाव न्हाई इच्यारलं कुनी?"

"नाही गं."

"तिकडं इच्यारीत न्हाईत?"

"आई, या पत्रांत खरं आडनाव दिसतच नाही."

"मंग लई झ्याक हाय ह्ये," ती म्हणाली आणि उठून जात्यावरचं फडकं झटकायला लागली. नंतर आतून गुणगुणणं ऐकू आलं.

आईचं एवढं कौतुक झाल्यावर दादा मागे राहणार होते थोडेच! दादांना सरबतांचा नाद होता. चिंच, बेल, कवठ, जे हाती येईल त्याचं ते सरबत करायचे आणि दवाखान्यातल्या धुतलेल्या रिकाम्या बाटल्यांत भरायचे. त्या काळी पातळ औषधाच्या बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी लावायचे, एक खाच म्हणजे एक डोस. दादा सरबतालाही तशीच पट्टी चिकटवायचे. पाहुण्यांना बाटली दिली की सांगायचे, "दिवसातून तीनदा. हलवून घ्या." एकदा माझ्या आत्यानं चिंचेचं सरबत दोन महिने दुखऱ्या कंबरेवर औषध म्हणून घेतलं आणि तिची कंबर खरंच दुखायची राहिली. तिला खरं सांगायची कुणाची छाती झाली नाही.

त्यांनी कवठाच्या सरबताची कृती मला लिहून दिली ती थेट औषधाच्या चिठ्ठीसारखी. कवठाचा गर इतके ग्रॅम, गूळ इतका, मिऱ्याची पूड चार पुड्यांत विभागून, पाणी उकळून गार केलेलं. शेवटी : मोठ्यांस अर्धा पेला, लहानांस पाव. बाटली वापरापूर्वी हलवावी. मी एक शब्द न बदलता पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "आजोबांना विचारा, जेवणाआधी की नंतर?" दादांनी अजिबात न हसता सांगितलं, "नंतर. रिकाम्या पोटी कवठ बाधतं."

असं ते वर्ष चाललं. मी नगरला जायचे ती कॉलेजला कमी आणि टपाल आणायला जास्त. कॅनडातला माणूस दर महिन्याला माडगं करायचा आणि दर महिन्याला हरायचा. उन्हाळ्यातसुद्धा करायचा. आईनं पळी बदलायला लावली, पातेलं बदलायला लावलं, पीठ दोनदा चाळायला लावलं. काही उपयोग नाही. "ह्या मानसाचा हातच येगळा हाय," ती म्हणायची, पण हार मानायची नाही.

आणि नोव्हेंबरात त्याचं पत्र आलं : "मी डिसेंबरात पुण्याला बहिणीकडे येतो आहे. एक दिवस सोनईला आलो तर चालेल का? मला तुमच्यासमोर बसून शिकायचं आहे."

घरात एकच गोंधळ उडाला. दादांनी त्याच दिवशी चुना कालवला. आई मात्र चुन्याकडे फिरकलीसुद्धा नाही. रात्रीची भांडी पालथी घालता घालता म्हणाली, "त्याला आदीच सांग."

"काय सांगू?"

"घर कुठं हाय ते. विहाराला लागून हाय म्हनून सांग. चांगलं ठळक लिही. कॅनडातनं यायचा आन् दारातनं तहान न्हाई म्हनायचा. मला न्हाई सोसायचं."

मी लिहिलं. पत्ता लिहिला, एसटी स्टँडवरून कसं यायचं ते लिहिलं, आणि विहाराचं ठळक लिहिलं. मग आईला जे म्हणायचं होतं तेही सरळ लिहून टाकलं, की आम्ही बौद्ध आहोत, आमच्याकडे जेवायला काही अडचण असेल तर आधी कळवा, आम्हाला राग येणार नाही. शेवटचं वाक्य खोटं होतं.

चार दिवसांनी उत्तर आलं. त्यात दोनच ओळी होत्या. "मला भाकरी थापता येत नाही पण भांडी छान घासता येतात. तेवढ्यावर जेवायला मिळेल का?"

मी ते घरी वाचलं. आईनं आधी तोंडावर पदर घेतला, मग हसायला लागली, मग हसता हसता खालीच बसली. "भांडी घासतो म्हनं! येऊ दे, येऊ दे त्याला."

तो आला त्या सकाळी चांगलीच थंडी होती. मी स्टँडवर आणायला गेले. गाडीतून एक साठीचा उंच माणूस उतरला. डोक्याला माकडटोपी, गळ्यात मफलर, अंगात दोन स्वेटर. कुडकुडत होता. कमरेएवढ्या बर्फातून आलेला माणूस सोनईच्या थंडीनं गारठला होता! "तिकडं घरं गरम असतात हो," तो दात वाजवत म्हणाला.

दारात दादा उभे होते. "जय भीम," दादा म्हणाले. तो हात जोडून म्हणाला, "जय भीम," आणि बूट काढून थेट आत आला. आत येऊन इकडेतिकडे बघत त्यानं विचारलं, "आजी कुठायत?"

आई समोरच उभी होती. नवीन हिरवं लुगडं नेसलेली, काळ्याभोर केसांचा अंबाडा.

"मीच ती," ती म्हणाली. "बसा आता."

त्या बिचाऱ्याचा चेहरा असा झाला की विचारू नका. त्यानं आईसाठी भेट आणली होती. ती पिशवीतून निम्मी बाहेर काढली आणि परत आत सारायला लागला. आई म्हणाली, "आनलंय तर द्या की." ती होती गुडघे शेकायची गरम पाण्याची रबरी पिशवी. आई, दादा, मी, तिघांनाही हसू फुटलं. त्यालाही फुटलं. पाणी मागायचं तो विसरलाच होता. आईनं तांब्या पुढे केला आणि त्यानं हसता हसता दोनदा भरून घेतला. मी आईकडे पाहिलं. ती चुलीकडे वळली होती.

मग खरी तपासणी सुरू झाली. त्यानं पिशवीतून आणखी एक पुडकं काढलं. "मी तिथले हुलगे आणलेत. इतके दिवस ज्यांचं माडगं करतोय ते. यात काय खोट आहे ते बघा."

आईनं पुडकं सोडलं. मूठभर दाणे तळहातावर घेतले, उजेडात धरले. नाकाशी नेले. मग एक दाणा चावला आणि त्याच्याकडे अशी पाहत राहिली की मला वाटलं, दाणा दाताखाली अडकला.

"ही मटकी हाय."

"काय?"

"मटकी. मोड आनून उसळ करायची मटकी. तुमी धा महिने मटकी भाजून दळून तिचं माडगं करत हुता!"

मग दादांनी कपाळाला हात लावला. "आणि आम्ही पळी बदलायला लावत होतो!" ते म्हणाले, आणि पोट धरून हसायला लागले. जगभरची माणसं गुठळ्यांवर उपाय सुचवत होती, सोलापूर आणि सातारा आवाजावरून भांडत होते, आणि पातेल्यात मटकी! तो माणूस सारखा म्हणत होता, "पाकिटावर इंग्रजीत लिहिलेलं, मला वाटलं तेच," आणि डोळे पुसत होता.

आईनं परसातली चूल पेटवली आणि त्याला पाटावर बसवून हातात पळी दिली. आपले हुलगे, आपलं पीठ. ती धार सोडत होती आणि तो ढवळत होता. "थांबू नका. कडंनं घ्या, कडंनं. झोपलात का?" एवढ्यात दारावर खाकरणं ऐकू आलं. दादांचे डॉक्टर आले होते. दादांनी त्यांना पाहुण्याची गोष्ट सांगितली होती, पण ते येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. पंधरा वर्षांत ते आमच्या घरी कधी आले नव्हते. "माझ्या तराजूचं काय केलंत ते बघायला आलो," ते म्हणाले आणि परसात दगडावर बसले.

माडगं शिजत आलं. आईनं हात वर केला. सगळे गप्प. पातेल्यातून आवाज आला. पुट. पुट. पुट.

"ऐकलं?" आई म्हणाली.

त्यानं मान हलवली. पेला दोन्ही हातांत धरला, फुंकला आणि प्याला. त्यानं आणखी एक घोट घेतला. कपाळाला आठी पडली.

"हे नाही," तो म्हणाला.

"काय हे न्हाई?"

"चांगलंय. फार चांगलंय. पण आजीचं हे नव्हतं. हे गोड आहे." तो पेल्यात बघत राहिला. "तिचं तिखट-मिठाचं होतं. लसूण होता त्यात. हो, लसूण! आणि ताक! मला आत्ता आठवलं. हे गोड लागलं तेव्हा आठवलं."

मला वाटलं आता आई चिडणार. आईनं पळी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले.

"आवं बाबा, माडगं दोन्ही तऱ्हेचं असतं. गोड आन् खारं. आदी का न्हाई सांगितलं?"

"मला तरी कुठं माहीत होतं!"

झालं. पुन्हा हुलग्याचं पीठ, पुन्हा मूठ. आईनं लसूण ठेचला, जिरं घेतलं, मी शेजारून ताक आणलं. आता डॉक्टरही स्वेटरच्या बाह्या वर करून जाळ सारत होते. दुसरं पातेलं उतरलं आणि तो प्याला. रिकामा पेला नुसता पुढे केला. मग परत. मग परत. तिसऱ्या पेल्यानंतर त्यानं माकडटोपी काढली, मफलर काढला, एक स्वेटर काढला आणि म्हणाला, "आजीच्या हाताला कुंकवाचा वास यायचा. तोही आठवला."

डॉक्टरांनी गोड आणि खारं दोन्ही घेतलं. निघताना पेला दादांच्या हातात देत म्हणाले, "कंपाउंडर, डोस वाढवा. एकानं भागत नाही." त्यानंतर थंडीत महिन्यातून एखाद्या रविवारी ते यायचे, कधी बायकोलाही आणायचे.

पाहुण्यानं शब्द पाळला. जेवण झाल्यावर सगळी भांडी त्यानं घासली. आईनं खूप अडवलं, पण तो ऐकेना. घासली मात्र वाईट. तो गेल्यावर आईनं परत घासली.

मी त्या आठवड्यात गटाला सगळी हकीकत लिहायला बसणार होते, पण आई म्हणाली, "ह्ये मी सांगनार." आणि पुढच्या शनिवारी माझ्याबरोबर नगरला आली. जिन्यात चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि खुर्चीत ताठ बसली. सरांनी मशीनचा आवाज ऐकवला तर म्हणाली, "ह्याला तेल घाला." मी अक्षरं दाखवत गेले आणि ती एका बोटानं दाबत गेली. सबंध अर्धा तास एकाच वाक्यात गेला. क्लासच्या सगळ्या मुली तिच्या मागे उभ्या राहून एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत होत्या. ते वाक्य होतं : माडगं दोन तऱ्हेचं असतं, भांडू नका. पाठवल्यावर टाळ्यांचा एवढा गजर झाला की खालून कापडवाला वर आला.

परतीच्या गाडीत ती गप्प बसेल तर शपथ. तिकीट फाडायला आलेल्या कंडक्टरला तिनं सांगितलं की मी आत्ता लंडनला पत्र टाकून आले. कंडक्टरनं विचारलं, कशाबद्दल? माडग्याबद्दल. तो म्हणाला, "आमच्यात बडीशेप घालत्यात." मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, बडीशेप कधी कुणी घालतं का. पुढचा एक पागोटेवाला मागे वळून म्हणाला, "घालत्यात की, बाळंतिणीला घालत्यात." घोडेगाव येईपर्यंत निम्मी गाडी त्यात पडली होती आणि आई मधल्या दांड्याला धरून उभी राहून सगळ्यांना थोपवत होती. सोनईला आम्ही उतरलो. गाडी धुरळा उडवत पुढं गेली तरी आतून बडीशेपेचा वाद ऐकू येतच होता.